पाणी टाका

४ जानेवारी

नमस्कार.

तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर मिळालं. यापुढेही इथेच लिहावं. घरी लिहू नये, आणि शक्यतो फोन करू नये. फोनवर आकडे चुकीचे ऐकले जातात. शिवाय मी फोनवर फारशी बोलत नाही.

पत्रात तुम्ही मला 'चि.' लिहिलं आहे. त्याची गरज नाही. तुम्हाला काय म्हणावं हे मला ठरवता आलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार केला आहे. तो कोरडा वाटला तर इलाज नाही.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या शिवणाच्या दुकानात कपडे उसवून-शिवून घ्यायला येणाऱ्या एक बाई परसातले ॲव्होकाडो आणून देतात आणि सांगतात की जगात याच्याइतकं पौष्टिक काही नाही. शेजारचा औषध दुकानदार म्हणतो, राजमा द्या, डब्यावर 'किडनी बीन्स' असं उगीच छापतात का? घरी किडनीचा रुग्ण आहे. तर दोहोंपैकी काय द्यावं.

किडनी हे त्या दाण्याच्या आकाराचं नाव आहे, गुणाचं नाही. आमच्याकडे धान्यातली बुरशी तपासणारा एक सहकारी आहे, त्याला सगळे बुरशीवाला म्हणतात. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो रोज अक्रोड खातो. परिणाम अजून दिसलेला नाही.

तुलना करताना बहुतेक जण कोरडा राजमा आणि ताजं फळ शेजारी ठेवतात. ते चूक आहे. कोरडा राजमा कुणी खात नाही. शिजल्यावर तो पाणी पिऊन अडीचपट होतो, म्हणून शिजवलेलाच धरायचा. शंभर ग्रॅम शिजवलेल्या राजम्यात साधारण पावणेनऊ ग्रॅम प्रथिनं असतात, ॲव्होकाडोत दोन. राजम्यात स्निग्धांश नावालाच. ॲव्होकाडोत पंधरा ग्रॅमच्या आसपास, पण तो चांगल्या जातीचा, हृदयाला सोसणारा. चोथा दोहोंतही सहा-सात ग्रॅम, म्हणजे बरोबरी. लोह आणि फोलेट राजम्यात जास्त. उष्मांक ॲव्होकाडोचे एकशेसाठ, राजम्याचे एकशेसत्तावीस. धडधाकट माणसाने दोन्ही खावेत. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

तुमच्या घरी मात्र एकच आकडा महत्त्वाचा आहे, पोटॅशियमचा. ॲव्होकाडोत शंभर ग्रॅममागे चारशे पंच्याऐंशी मिलिग्रॅम, राजम्यात चारशेच्या थोडं वर. निरोगी माणसाला हे कौतुकाने सांगतात. ज्याच्या किडन्या पाव हिश्शावर आल्या आहेत त्याच्या रक्तात ते साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे पौष्टिक कोणतं हा तुमचा प्रश्नच नाही. सोसेल कोणतं, किती आणि कसं शिजवून, हा आहे.

प्रमाण सांगण्याआधी मला रक्ताचा शेवटचा अहवाल लागेल. डायलिसिसचा निर्णय पुढच्या तपासणीवर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे आपल्याला वेळ आहे, पण फार नाही. घरात वजनकाटा असेलच. त्या माणसाच्या घरात तो नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. ते मी गाळलं आहे. विसरले असं समजू नये.

१९ जानेवारी

नमस्कार.

अहवाल मिळाला. पोटॅशियम ५.२, म्हणजे कुंपणावर. प्रथिनं बेताची हवीत, पण अगदी बंद नकोत. वजन उतरतं आहे. आमच्याकडे नमुने घेऊन येणाऱ्या, रुग्णालयातल्या एक आहारतज्ज्ञ आहेत. नाव न सांगता त्यांना अहवाल दाखवला. पुढचं त्यांनी तपासून दिलं आहे. तरीही तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावं.

ॲव्होकाडो पूर्ण बंद. बाईंना वाईट वाटेल, तर तुम्ही खावा. त्या फळातलं पोटॅशियम काढता येत नाही, कारण ते कच्चंच खातात. राजम्यातलं बरंचसं पाण्यात उतरवता येतं. तुमच्या घरापुरता राजमा जिंकतो तो एवढ्याच कारणाने. तो पौष्टिक आहे म्हणून नव्हे, तर त्यातलं नको ते धुऊन काढता येतं म्हणून.

कृती अशी. राजमा रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी भिजवलेलं पाणी टाका, नवीन पाणी टाका आणि दहा मिनिटं खळखळ उकळा. मंद आचेवर सुरुवात करू नका, अर्धाकच्चा राजमा पोटाला विषारी असतो. मग ते पाणी टाका, पुन्हा नवीन पाणी टाका आणि बोटाने चिरडेल इतका मऊ शिजवा. शिजल्यावर पंचाहत्तर ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. वजन काट्यावर करा, वाटीने नको. वाट्या प्रत्येक घरात वेगळ्या असतात.

तुम्ही लिहिलं आहे की त्यांना राजमा आवडत नाही, ॲव्होकाडोही आवडत नाही, पण 'तुझं नाव घेतलं की मुकाट्याने खातात'. माझं नाव औषधासारखं वापरू नये. प्रमाण माहीत नसतं.

मी अजून रागावलेली आहे का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. ते घर सोडून गेले तेव्हा मी दहावीत होते. त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली की उद्या भूमितीचा पेपर आहे, झोप. मी झोपले आणि पेपर चांगला गेला. यातून तुम्हाला जे उत्तर मिळेल ते घ्यावं.

तुमच्याशी पत्रव्यवहार चालू आहे हे आईला माहीत नाही. ते तसंच राहू द्यावं.

८ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत, नमुने जाळायच्या भट्टीच्या खोलीत होते. बुरशीवाल्याने निरोप चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला: 'वडील ॲडमिट. पोटॅशियम ६.४. बाई रडत होत्या.' तिसरं वाक्य त्याने लिहायला नको होतं.

६.४ हा आकडा काय आहे हे तुम्हाला आता डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मी दिलेल्या प्रमाणाने तो होऊ शकत नाही. पंचाहत्तर ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, दोन पाणी काढून. मी हिशेब पुन्हा केला. आहारतज्ज्ञ बाईंनीही केला. बसत नाही.

तेव्हा रडणं थांबलं की नीट आठवून लिहा. गेल्या आठवड्यात त्यांनी रोज काय खाल्लं आणि काय प्यायलं. ॲव्होकाडो बंद केला होता का. डॉक्टरांनी औषध बदललं होतं का. कमी सोडियमचं म्हणून विकतात ते मीठ घरात आहे का. त्यात पोटॅशियमच असतं. आणि राजमा कसा शिजवला, हाताने काय काय केलं त्या क्रमाने. तुम्हाला वाटेल की हे क्षुल्लक आहे, तेही लिहा.

मी येत नाही. तिथे मी डॉक्टरांच्या पायात येईन. इथे बसून निदान कारण शोधू शकते.

ते शुद्धीवर आहेत का, बोलतात का, हे चिठ्ठीत नाही. तेही कळवा. पत्राला वेळ लागेल. यापुरता फोन केला तरी चालेल.

१५ फेब्रुवारी

नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही 'आता उठून बसले, चहा मागितला' असं म्हणालात आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. ते तुटक वाटलं असेल. माझ्या बाजूला लोक होते.

तुमचं पत्र काल आलं. तुम्ही सगळं क्रमाने लिहिलं आहे, त्यामुळे काम सोपं झालं. राजमा भिजवला. भिजवलेलं पाणी पातेल्यात टाकलं, त्यात नवीन टाकलं, उकळलं. ते पाणीही राहू दिलं, वर आणखी टाकलं, शिजवला. मग पातेलं भरून जे लाल पाणी उरलं ते बाटलीत भरून ठेवलं आणि रोज सकाळी पेलाभर दिलं. संपलं की पुन्हा राजमा लावला. 'चार-चार वेळा पाणी टाका लिहिलंय, म्हणजे खरं सत्त्व पाण्यातच असणार, असं मला वाटलं,' हे तुमचं वाक्य. त्याच्या खाली त्यांचं आहे. वास घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि मग म्हणाले, 'पोरीने लिहिलंय ना? मग मोजूनच लिहिलं असणार.' आणि नाक दाबून प्यायले.

खरं सांगते, आधी मला तुमचा राग आला. इतकं सरळ लिहिलेलं एखादी बाई उलटं कसं करते. म्हणून संध्याकाळी आईला ती कृती वाचून दाखवली, कुणासाठी ते न सांगता. आई शाळेत व्याकरण शिकवते. जेवणाच्या टेबलावर नववीच्या उत्तरपत्रिका तपासत होती.

"पुन्हा वाच," ती मान वर न करता म्हणाली.

मी वाचलं.

"आत की बाहेर?"

"काय आत की बाहेर?"

"पाणी गं. टाका म्हणजे पातेल्यात टाका, की मोरीत टाका?"

"आधीचं बाहेर, नंतरचं आत. उघड आहे."

"तुला उघड आहे, कारण तुला आधीच माहीत आहे." तिने माझ्या हातातून कागद ओढून घेतला. "मीठ टाका, साखर टाका, पाणी टाका. गॅससमोर उभ्या माणसाला टाका म्हणजे पातेल्यातच. हे बघ." आणि लाल पेनाने तिने चार गोल काढले. "एक, दोन, तीन, चार. दोन आत, दोन बाहेर, आणि कुठलं कुठे ते वाचणाऱ्याने ओळखायचं! क्रियापद संदिग्ध. नववीची पोरं परवडली."

मी कागद बघत राहिले. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर टाकतोच. द्रावण टाका म्हणजे सिंकमध्ये, आम्ल टाका म्हणजे नळीत. कुणाची कधी गल्लत झालेली नाही, कारण टाकणारे आम्हीच असतो.

"कुणाला लिहिलंस?" आईने विचारलं.

मी सांगितलं. तुमचं पत्र, अहवाल, रुग्णालय, सगळंच सांगितलं. ती पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.

"शिवणवालीला," ती म्हणाली. आमच्या घरी तुमचा उल्लेख असाच होतो, वाईट वाटून घेऊ नये. "आणि तुझा बाप ते पाणी प्यायला?"

"रोज."

"माझ्या हातून साधं खोकल्याचं औषध कधी घेतलं नाही त्याने. चमचा पुढे केला की अंघोळीला पळायचा." मग तिने पुढची उत्तरपत्रिका ओढली आणि विचारलं, "आता कसा आहे?"

मी म्हटलं, बरे आहेत. त्यावर ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी इथे लिहीत नाही.

तर, चूक माझी आहे. मी जे लिहिलं होतं तेच तुम्ही केलं, आणि तुम्ही जे दिलं तेच ते प्यायले. डॉक्टरांना हे पत्र दाखवा. त्यांना वाटत असेल की घरच्यांनी पथ्य मोडलं. तसं झालेलं नाही. पथ्य अक्षरशः पाळलं गेलं.

राजमा सध्या बंद. डॉक्टर हो म्हणाले तर पुन्हा सुरू करताना ही कृती वापरा. भिजवलेलं पाणी मोरीत ओतून द्या. पातेल्यात स्वच्छ पाणी घाला आणि दहा मिनिटं खळखळ उकळा. तेही पाणी मोरीत ओतून द्या. पुन्हा स्वच्छ पाणी घाला, मऊ शिजवा, आणि शेवटचं पाणीसुद्धा ओतून द्या. फक्त दाणे खायचे. ही कृती आईने वाचली आहे. दहापैकी आठ गुण दिले आहेत. दोन कशाचे कापले ते सांगत नाही.

२ मार्च

मावशी, नमस्कार.

वरचा शब्द कसा आला ते आधी सांगते, म्हणजे गैरसमज नको. परवा मी पाकिटावर पत्ता लिहीत असताना आई मागून म्हणाली, "नुसता नमस्कार काय करतेस? भिंतीला करतात तसा. मावशी म्हण."

"ती काय तुझी बहीण आहे?"

"बहीण कसली! पण दोघींच्या वाट्याला काटेवालाच आला ना. तेवढं नातं पुरे."

काटेवाला हे त्यांचं इकडचं नाव. बाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून. तुम्हाला ते माहीत असेलच, किंवा नसेल.

नवा अहवाल पाहिला. पोटॅशियम ४.८. डायलिसिस तूर्त नाही, पुन्हा तीन महिन्यांनी बघू, असं डॉक्टरांनी लिहून दिलं ही चांगली गोष्ट आहे. किडन्या सुधारलेल्या नाहीत हेही लक्षात असू द्या. त्या पाव हिश्शावरच आहेत. आपण फक्त तो पाव हिस्सा जपतो आहोत. राजमा पन्नास ग्रॅमपर्यंत चालेल असं ते म्हणतात, तर पन्नासच द्या, आणि त्याच्या वासाने त्यांना मळमळत असेल तर देऊच नका. दुसरी प्रथिनं आहेत. माझं नाव घेऊन खाऊ घालणं आता थांबवावं.

ॲव्होकाडोच्या बाईंनी 'मी आधीच सांगितलं होतं' असं ऐकवलं, असं तुम्ही लिहिता. त्यांना सांगा की ॲव्होकाडोचं पाणी काढता येत नाही, म्हणून त्यांचं फळ हरलं. औषध दुकानदारालाही काही सांगा. काय ते तुम्ही ठरवा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं.

आता काट्याविषयी. तुम्ही लिहिलं आहे की घरचा काटा पाच ग्रॅम जास्त दाखवतो, हे त्यांना कधीचं माहीत आहे, पण हात थरथरतो म्हणून स्वतः उघडत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि परवा पन्नास ग्रॅम मोजताना म्हणाले, "पोरीला जमेल. तिने बघितलंय."

बघितलं आहे, हे खरं. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसायचे. ते पारडं पुसायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "आधी शून्य. शून्य खोटं असेल तर पुढचं सगळं खोटं." माझ्या सगळ्या शिक्षणात मला याहून उपयोगी वाक्य कुणी सांगितलेलं नाही. हे त्यांना कळवायची घाई करू नये. मी कळवायचं तेव्हा कळवीन.

पाच ग्रॅमचा फरक राजम्याला चालतो. त्यांना चालत नसणार, रोज त्या काट्याकडे बघून चिडत असतील. म्हणून मी रविवारी सकाळच्या बसने येते आहे. प्रयोगशाळेतली प्रमाणित वजनं परवानगी घेऊन बरोबर आणते, आणि बारीक पेचकस माझा आहे. काटा दुरुस्त करायला येते आहे. दुसरं कारण लावू नये. माझ्यासाठी वेगळं काही शिजवू नये. तुम्ही दोघं जे खाता ते, पन्नास ग्रॅमहून थोडं जास्त.

आईने तुमच्यासाठी एक चाळणी दिली आहे. मोठी, दोन कानांची, एक कान तारेने बांधलेला. तार त्यांनीच बांधली होती, ते ओळखतील. मी म्हटलं, नवी विकत घेऊ, कितीशी येते. तर म्हणाली, "नवीचं मला काय? हिच्यातून पाणी बाहेरच जातं, एवढं तिला सांग. आत की बाहेर हा प्रश्नच नको."

मागच्या पत्रात आईचं एक वाक्य मी लिहिलं नव्हतं. आता लिहायला हरकत नाही असं ती म्हणते. ते असं होतं: "त्याने मला टाकलं असं सगळं जग म्हणत आलं. तेव्हा नाही कुणी विचारलं, आत की बाहेर." हे ती हसत म्हणाली होती. मी नीट पाहिलं. खरंच हसत होती. मग तिने समोरच्या उत्तरपत्रिकेतल्या पोराला दोन गुण वाढवून दिले, ज्यांच्या तो लायक नव्हता.

मी येते आहे हे बाबांना आधी सांगावं की नाही, हे तुमच्यावर सोपवते. सांगितलंत तर ते सकाळपासून काटा पुसत बसतील. नाही सांगितलंत तर दारात मला पाहून त्यांना काय म्हणायचं ते सुचणार नाही, आणि मलाही. मी वजनांची पेटी घेऊन उंबऱ्याशी उभी राहीन. आत यायचं, की बाहेरूनच काटा घेऊन जायचा, एवढं त्यांनी एका शब्दात सांगावं.

क्रियापद संदिग्ध नको.